यहोहानानची टाच : जेरुसलेममधल्या एका थडग्याचे प्रकरण

चुनखडीच्या एका साध्या, नक्षी नसलेल्या पेटीत दोन प्रौढ पुरुषांची आणि तीन-चार वर्षांच्या एका मुलाची हाडे एकत्र ठेवलेली होती. पेटीच्या बाजूवर नाव खरडले होते, यहोहानान. त्यातल्या एका पुरुषाच्या उजव्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा आरपार रुतलेला होता. खिळ्याचे टोक वाकलेले आणि डोक्याखाली लाकडाचा तुकडा अडकलेला. रोमन सत्तेने हजारो माणसांना क्रुसावर चढवले, हे लिखित इतिहासातून माहीत होते. पण त्या शिक्षेची खूण प्रत्यक्ष हाडावर सापडली ती या पेटीत, पहिल्यांदाच.

या शोधावर आजवर झालेले बहुतेक लेखन क्रुसाच्या शिक्षेबद्दल आहे. हात कुठे ठोकले, पाय कसे ठोकले, माणूस गुदमरून मेला की रक्तस्रावाने, असे प्रश्न त्यात येतात. मला ही पेटी त्याहून वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. दुसऱ्या मंदिराच्या काळातल्या, म्हणजे इ.स. ७०मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडण्याआधीच्या, तिथल्या यहुदी समाजात मेलेल्या माणसाचे काय केले जाई, याची इतकी कठीण कसोटी पाहणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. सत्तेने गुन्हेगार ठरवून सर्वांत लाजिरवाण्या रीतीने मारलेला हा माणूस. तरी घरच्यांनी त्याच्यासाठी तेच सगळे केले, जे घरात म्हातारपणी मेलेल्या आजोबांसाठी केले असते.

स्थळ आणि शोध

१९६७च्या युद्धानंतर जेरुसलेमच्या ईशान्येला, स्कोपस डोंगराच्या बाजूला, गिवत हामिवतार या टेकडीवर नव्या वसाहतीचे बांधकाम सुरू झाले. खडक फोडताना जुन्या दफनगुहा उघड्या पडल्या. इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याच्या वतीने वासिलियोस त्साफेरिस यांनी १९६८ साली त्यातल्या चार गुहांचे उत्खनन केले. जेरुसलेमभोवतीचा हा सगळा पट्टा म्हणजे त्या काळातले मोठे दफनक्षेत्र होते. मृताला गावाबाहेर ठेवायचे हा नियमच होता. मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात मेलेली जनावरे, थडगी आणि कातडी कमावण्याच्या जागा गावापासून किमान ५० हात लांब ठेवाव्यात असे सांगितले आहे.

या चार गुहांत मिळून १५ अस्थिपेट्या निघाल्या. हिब्रू विद्यापीठातले शरीररचनातज्ज्ञ निकू हास यांनी हाडे तपासली आणि ती ३५ जणांची असल्याचे सांगितले : ११ पुरुष, १२ स्त्रिया, १२ मुले. पंधरा पेट्यांत पस्तीस माणसे, म्हणजे एका पेटीत सरासरी दोनांहून अधिक. पेटीवर एक नाव असले तरी आत एकच माणूस असेल असे नाही, हे पुढे लक्षात ठेवावे लागेल.

पेट्यांवरची अक्षरे योसेफ नावेह यांनी वाचली. त्यातली एक पेटी ‘सिमोन, मंदिर बांधणारा’ याची होती. हेरोद राजाने इ.स.पू. २०च्या सुमारास जेरुसलेमचे मंदिर नव्याने बांधायला काढले आणि ते काम कित्येक दशके चालले. त्या कामावर राबलेल्या माणसाचे नाव त्याच्या घरच्यांनी त्याच्या कामासह लिहून ठेवले. तो साधा पाथरवट होता की मुकादम, ते त्या दोन शब्दांवरून ठरत नाही. पण ज्याचा अभिमान वाटावा असे त्याच्याकडे काय होते, ते नक्की कळते.

हास यांच्या नोंदीत या समूहातल्या इतरांचे मृत्यूही आहेत. उपासमारीने गेलेली मुले, बाणाच्या जखमेने गेलेले एक लहान मूल, भाजून मेलेला तरुण, डोक्यावर जड हत्याराचा घाव बसलेली म्हातारी, आणि पोटातल्या गर्भाची हाडे ओटीपोटात तशीच राहिलेली तिशीतली एक बाई. हास यांची काही निदाने नंतर मोडीत निघाली, त्यामुळे ही यादी मी अक्षरशः खरी धरत नाही. पण बाळंतपणात गेलेली ती बाई नाकारायला मला काही कारण दिसत नाही. पहिल्या शतकातल्या जेरुसलेममध्ये मरण कसे घराघरात वावरत होते, हे एवढ्यावरूनही कळते.

मृत्यूपासून पेटीपर्यंत

यहोहानानच्या बाबतीत काय घडले हे समजायचे तर आधी सामान्य रीत काय होती ते पाहायला हवे. आपल्याकडचे लिखित आधार दोन प्रकारचे आहेत. मिश्ना इ.स. २००च्या सुमारास संकलित झाली, म्हणजे मंदिर पडून सव्वाशेहून अधिक वर्षे गेल्यावर. ‘सेमाखोत’ हा शोकनियमांचा ग्रंथ त्याहूनही नंतरचा. दोन्हींत जुन्या आठवणी आहेत, पण त्या नंतरच्या पंडितांच्या हातून आलेल्या. म्हणून जिथे ग्रंथ आणि खडक एकच सांगतात, तिथे विश्वास ठेवायचा, असा नियम मी पाळला आहे.

प्राण गेल्याची खात्री झाल्यावरच डोळे मिटायचे. प्राण जात असताना जो डोळे मिटतो तो रक्त सांडणारा, अशा कडक शब्दांत मिश्ना बजावते. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या सक्तीच्या विश्रांतीच्या, दिवशी मृत्यू झाला तर काय चालेल, याची तिथली चर्चा फार बारकाईची आहे. प्रेताला तेल लावावे, धुवावे, पण अवयव हलवू नये. डोक्याखालची उशी काढून घ्यावी, म्हणजे अंग वाळूवर गार राहील आणि लवकर बिघडणार नाही. जबडा बांधावा, पण उघडा जबडा वर उचलण्यासाठी नव्हे, तो आणखी उघडू नये एवढ्यापुरता. प्रेताशी रोज संबंध येणाऱ्या माणसांनीच हे नियम घडवले असणार, असे वाचताना सारखे वाटते.

पुरायचे त्याच दिवशी. शवपेटी किंवा कफन आणायला वेळ लागत असेल, म्हणजे मृताच्या मानासाठी थांबावे लागत असेल, तरच रात्रभर ठेवण्याची मुभा. बासरीवाले आणि रडणाऱ्या बायका बोलावल्या जात. इस्रायलातल्या गरिबातल्या गरिबानेही बायकोच्या अंत्ययात्रेला दोन बासऱ्या आणि एक रडणारी बाई यांहून कमी ठेवू नये, असे रब्बी (धर्मपंडित) यहुदा यांचे मत मिश्नात नोंदले आहे. विलापाचेही प्रकार होते. सगळ्या जणी एकदम आक्रोश करतात तो एक. एक जण म्हणते आणि बाकीच्या तिच्यामागून म्हणतात तो दुसरा.

या सगळ्याला खर्च येई आणि तो झेपत नसे. तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या पुढच्या पंडितांच्या चर्चांच्या संग्रहात, एक आठवण आहे. एके काळी मृताच्या नातेवाइकांना मरणापेक्षा त्याचा खर्च जड जाई, इतका की लोक प्रेत टाकून पळून जात. शेवटी रब्बान गम्लिएल या मोठ्या धर्मगुरूंनी स्वतःला साध्या तागाच्या कपड्यात पुरायला लावले आणि त्यानंतर सगळ्यांनीच ते अनुसरले. त्याच ठिकाणी सांगितले आहे की पूर्वी श्रीमंतांचे चेहरे उघडे ठेवत आणि गरिबांचे झाकत, कारण दुष्काळात गरिबांचे चेहरे काळवंडलेले असत. गरिबांना त्याची लाज वाटे, म्हणून सगळ्यांचेच चेहरे झाकायचे ठरले. शोकघरी जेवण नेतानाही तसेच. श्रीमंत चांदी-सोन्याच्या परड्यांतून नेत, गरीब सोललेल्या वाळुंजाच्या काड्यांच्या परड्यांतून; मग सर्वांनी काड्यांच्याच परड्या न्याव्यात असे ठरले. हे नियम कुणा देवदूताने येऊन सांगितलेले नाहीत. शेजाऱ्याच्या दारात मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहून ते केले आहेत, आणि म्हणून मला ते या परंपरेतले सर्वांत सुंदर नियम वाटतात.

इतिहासकार जोसीफसही खर्चाचा मुद्दा नोंदवतो. हेरोद मेल्यावर त्याच्या मुलाने, अर्खेलाओसने, सात दिवस शोक पाळून लोकांना मोठे जेवण घातले. या रीतीपायी पुष्कळ यहुदी कंगाल होतात, कारण जेवण न घालणारा माणूस अधार्मिक समजला जातो, असे जोसीफस सांगतो.

ज्यांच्याकडे कुटुंबाची गुहा होती ते मृताला तिथे नेत. गुहेच्या भिंतीत आत खोल खोदलेले लांबट कप्पे असत. त्यांना हिब्रूत ‘कोखिम’ म्हणतात. मिश्नात त्यांचे माप दिले आहे : चार हात लांब, सहा मुठी रुंद, सात मुठी उंच. म्हणजे एक माणूस डोके किंवा पाय पुढे करून आत सरकवता येईल एवढी जागा. जेरुसलेमभोवती शेकडो गुहांत असे कप्पे सापडले आहेत. मापे नेहमी तंतोतंत जुळत नाहीत, पण पद्धत तीच. सुरुवातीचे तीन दिवस घरचे लोक थडग्यावर जाऊन पाहून येत. ‘सेमाखोत’ सांगते की असे एकदा पाहायला गेले असता माणूस जिवंत निघाला आणि पुढे २५ वर्षे जगला.

मग वाट पाहायची, साधारण वर्षभर. मांस पूर्ण झडून गेले की कुटुंबातले लोक पुन्हा गुहेत शिरत, हाडे वेचत आणि दगडी पेटीत भरत. आपल्याकडे दहनानंतर अस्थी सावडतात तशीच ही क्रिया. फरक वेळेचा; आग एका रात्रीत जे करते त्याला तिथल्या कोरड्या खडकात वर्ष लागे. प्रौढाची पेटी साधारण ६० सेंटिमीटर लांब असे, कारण मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत लांब हाड आणि ते आत मावायला हवे. बाकीची हाडे त्याच्या आजूबाजूला आणि वर कवटी.

हे काम करणारे माणूस कोणत्या मनःस्थितीत असे? याबाबत मिश्नात दोन रब्बींचा मतभेद आहे. सणाच्या मधल्या दिवसांत आईबापाची हाडे वेचावीत का, या प्रश्नावर रब्बी मेइर म्हणतात वेचावीत, कारण मुलासाठी ते आनंदाचे काम आहे. रब्बी योसे म्हणतात, त्याच्यासाठी तो शोकच. जेरुसलेम तालमुद या दोघांना एकाच माणसाच्या दोन दिवसांत बसवते : त्या दिवशी तो शोक करी, दुसऱ्या दिवशी आनंद करी, कारण त्याचे वाडवडील न्यायातून सुटले.

‘सेमाखोत’मध्ये एलाझार बर सादोक यांची आठवण आहे. बापाने मरताना सांगितले : आधी मला साध्या खड्ड्यात पुर, नंतर माझी हाडे वेचून पेटीत ठेव, पण स्वतःच्या हाताने वेचू नकोस. मुलाने तसेच केले. योहानान नावाचा माणूस आत गेला, त्याने हाडे वेचली आणि त्यांवर चादर पसरली. मग मुलगा आत गेला, त्याने कपडे फाडले आणि हाडांवर वाळलेल्या वनस्पती टाकल्या. बापाने आपल्या बापासाठी जे केले तेच मुलाने बापासाठी केले.

मृताला किंवा हाडाला हात लावणाऱ्याला सात दिवसांचा विटाळ. तो जायला तिसऱ्या आणि सातव्या दिवशी लाल गाईच्या राखेचे पाणी शिंपडून घ्यावे लागे. पुरोहित वर्गाला तर अगदी जवळच्या नातेवाइकाखेरीज इतर मृताजवळ जाण्याचीच मनाई. म्हणून दरवर्षी अदार महिन्यात, वल्हांडण सणाच्या आधी, थडग्यांवर चुना मारून खूण करत. जेरुसलेमला येणाऱ्या यात्रेकरूचा नकळत पाय पडू नये हा हेतू. अशा समाजात वर्षभराने परत जाऊन स्वतःहून तो विटाळ अंगावर घेणे, हे लहानसहान प्रेम नव्हते.

यहोहानानच्या बाबतीत प्रत्येक पायरी

आता हीच रीत क्रुसावर मेलेल्या माणसाला लावून पाहू.

पहिला अडथळा प्रेत मिळण्याचा. रोमन शिक्षेचा अर्धा उद्देश प्रेत टांगते ठेवण्यातच होता. कुत्री आणि पक्षी खाईपर्यंत ते लोकांच्या नजरेसमोर राहावे, म्हणून. उलट बायबलमधल्या व्यवस्थाविवरण या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, आज्ञा आहे : टांगलेल्याचे प्रेत रात्रभर झाडावर राहू देऊ नये, त्याच दिवशी पुरावे. जोसीफस लिहितो की यहुदी लोक दफनाबाबत इतके दक्ष असतात की क्रुसाची शिक्षा झालेल्यांनाही ते सूर्यास्तापूर्वी खाली उतरवून पुरतात. अलेक्झांड्रियाचा यहुदी विचारवंत फिलो सांगतो की सम्राटाच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी क्रुसावरची प्रेते उतरवून नातेवाइकांना दिल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे अधिकाऱ्याकडे मागणी केली तर कधी कधी प्रेत मिळे. शांततेच्या काळात, यहुदी प्रांतात, सत्तेला या आज्ञेची जाणीव ठेवणे सोयीचे होते. बंडाच्या काळात नाही. इ.स.पू. ४मध्ये सीरियाचा रोमन सुभेदार वारुस याने सुमारे २,००० जणांना क्रुसावर चढवले आणि इ.स. ७०च्या वेढ्यात जेरुसलेमच्या भिंतीसमोर दिवसाला ५०० किंवा त्याहून अधिक जण टांगले जात, असे जोसीफस सांगतो. तेव्हा कुणाला कोण खाली उतरवणार होते?

यहोहानानच्या घरच्यांनी मागणी केली असणार आणि ती मान्य झाली असणार. ‘सेमाखोत’मध्ये अशा कुटुंबासाठीचा नियम आहे, आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. सरकारने मारलेल्या माणसाच्या शोकाचे दिवस कधीपासून मोजायचे? तर मागणी करून प्रेत मिळेल ही आशा सुटल्यापासून; चोरून आणण्याची आशा मात्र अजून सुटलेली नसली तरी चालेल. म्हणजे सरकारी दाराशी विनवण्या करणारी माणसे आणि रात्री प्रेत चोरायचा विचार करणारी माणसे, दोन्ही या नियमकर्त्यांच्या ओळखीची होती. चोरणाऱ्याला मात्र ग्रंथ रक्त सांडणाऱ्यासारखा ठरवतो; एकाच्या धाडसाची शिक्षा सगळ्या वस्तीला भोगावी लागेल, ही भीती त्यामागे असावी असे मला वाटते. तिथेच पुढे आणखी एक नियम आहे. ज्याची बायको किंवा जिचा नवरा गावात क्रुसावर चढवला गेला, त्यांनी त्या गावात राहू नये, ते गाव अँटिओकएवढे मोठे असेल तरच राहावे. कुठवर? मांस पूर्ण झडून हाडांवरून ओळख पटेनाशी होईपर्यंत.

दुसरा प्रश्न कलंकाचा. यहुदी न्यायालयाने मृत्युदंड दिलेल्या माणसाला वाडवडिलांच्या थडग्यात पुरत नसत. मिश्ना म्हणते, न्यायालयाची दोन वेगळी दफनस्थळे होती. मांस झडल्यावर मात्र त्याची हाडे वेचून घरच्या थडग्यात नेता येत. नातेवाइकांनी उघड शोक करायचा नाही, मनातल्या मनात दुःख करायचे. यहोहानानला रोमनांनी मारले होते, म्हणून हा नियम त्याला लागू नव्हता. ‘सेमाखोत’ स्पष्ट म्हणते की सरकारने मारलेल्याचा कोणताही संस्कार रोखायचा नाही. त्यामुळे तो थेट कुटुंबाच्या गुहेत आला असेल किंवा आधी दुसरीकडे पुरून नंतर हाडांच्या रूपाने आला असेल, दोन्ही शक्य आहे. हाडे यातला निवाडा देत नाहीत. शेवट मात्र एकच : घरची गुहा, घरची पेटी, पेटीवर नाव.

तिसरी गोष्ट खिळ्याची. ठोकताना त्याचे टोक बहुधा लाकडातल्या गाठीवर आदळून गळासारखे वाकले. त्यामुळे खाली उतरवताना तो टाचेतून सुटेना. डोके आणि टाच यांच्या मधला लाकडाचा तुकडा पाय ओढून निसटू नये म्हणून लावलेला होता. तोही तसाच राहिला. प्रेत धुतले, गुंडाळले, ठेवले, सगळे खिळ्यासकट. वर्षाने हाडे वेचायला कुणीतरी आत गेले, तेव्हा बाकी सगळे सुटे झाले होते आणि टाच व खिळा एकत्र होते. वेचणाऱ्याने ते तसेच पेटीत ठेवले. त्याला ते दिसले नसेल असे होऊच शकत नाही, ११ सेंटिमीटरहून लांब लोखंड होते ते. खिळा उपटून टाकायला टाच फोडावी लागली असती, आणि हाड मोडायचे नाही हे त्याने ठरवले असावे. हा माझा तर्क आहे, पण पेटीतल्या वस्तूशी तो जुळतो.

हाडांवरचा वाद

१९७० साली हास यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मते माणूस २४ ते २८ वर्षांचा होता, दोन्ही टाचा एकावर एक ठेवून एकाच १७-१८ सेंटिमीटरच्या खिळ्याने ठोकल्या होत्या, उजव्या हाताच्या हाडावर खिळ्याचा ओरखडा होता, मृत्यू लवकर यावा म्हणून नडग्या मोडल्या होत्या आणि उतरवताना पाय कापावे लागले होते. हे वर्णन जगभर गेले. चित्रे निघाली, प्रवचनांत आले.

१९८५ साली जोसेफ झायस आणि एलिझर सेकेलेस या अभ्यासकांनी उरलेली हाडे, छायाचित्रे आणि क्ष-किरणचित्रे पुन्हा तपासली. खिळा ११.५ सेंटिमीटरचाच निघाला. दोन टाचा आणि लाकूड एवढे सगळे त्यात मावणे अशक्य. ज्याला हास डावी टाच समजले होते ते दुसरेच हाड होते. हातावरचा ओरखडा खिळ्याचा म्हणावा असा नव्हता. नडग्या जिवंतपणी मोडल्याचा पुरावा नव्हता, पाय कापल्याचाही नव्हता. त्यांच्या मते दोन्ही पाय खांबाच्या दोन बाजूंना वेगवेगळे ठोकले असावेत आणि हात बहुधा दोराने बांधले असावेत. पेटीत तिसऱ्या माणसाची हाडेही आहेत, हेही त्यांनीच दाखवले.

मला झायस आणि सेकेलेस यांचे म्हणणे पटते. पण हास यांना दोष द्यायला मी तयार नाही. त्यांच्या हाती जेमतेम काही आठवडे होते, कारण हाडे लवकर परत पुरावीत असा धार्मिक आग्रह होता. तुटलेली, चुन्याचा थर बसलेली, तीन माणसांची मिसळलेली हाडे, आणि डोक्यावर टांगलेली मुदत.

नावाचाही वाद आहे. पेटीवर दोन ओळी आहेत. एकीत नुसते ‘यहोहानान’, दुसरीत ‘यहोहानान बेन’ (बेन म्हणजे मुलगा) आणि पुढे हगकोल असा एक अनोळखी शब्द. नावेह यांनी ते बापाचे नाव मानले. पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी १९७३ साली वेगळे सुचवले : तो शब्द गुडघे फाकलेल्या अवस्थेला अनुसरून असावा आणि क्रुसावर मेलेल्या बापाला लोकांनी पाडलेली ती ओळख असावी. मग दुसरी ओळ पेटीतल्या लहान मुलाची, ‘गुडघे फाकून टांगलेल्याचा मुलगा यहोहानान’. ही सूचना चतुर आहे. पण बाप मेल्यावर मुलाच्या पेटीवर घरच्याच माणसांनी असे टोपणनाव कोरले असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. मी नावेह यांच्या बाजूने आहे.

एकच पेटी का?

हजारो क्रुसावर चढले आणि टाच एकच, यावरून काही अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला की क्रुसावरच्या माणसाला दफन जवळजवळ कधीच मिळत नसे, यहोहानान हा अपवाद. हा तर्क कच्चा आहे. दोराने बांधलेल्या माणसाच्या हाडावर काहीच खूण राहत नाही. खिळे ठोकले असले तरी ते काढून घेत. लोखंड महाग होते, शिवाय क्रुसाच्या खिळ्याला औषधी गुण आहेत अशी समजूत होती. शब्बाथला तो अंगावर बाळगून घराबाहेर पडावे का यावर मिश्नात चर्चाच आहे, आणि तो अमोरी या परक्या लोकांचा अंधविश्वास म्हणून नाकारणारेही तिथे आहेत. यहोहानानचा खिळा वाकला नसता तर त्याची पेटी इतर पेट्यांसारखीच दिसली असती, आणि आत क्रुसावर मेलेला माणूस आहे हे कुणाला कळले नसते. कोणत्या पेट्यांत असे आणखी आहेत ते आपण ओळखू शकत नाही.

इंग्लंडमधल्या केंब्रिजशायर परगण्यात, फेनस्टँटन इथे, २०१७ साली रोमन काळातल्या एका वस्तीच्या दफनभूमीत टाचेत खिळा असलेला दुसरा सांगाडा निघाला. तो खिळाही जमिनीत कुणाच्या लक्षात आला नव्हता. प्रयोगशाळेत हाडे साफ करताना दिसला.

एक अडचण मात्र खरी आहे. कोरीव गुहा आणि दगडी पेट्या पैसेवाल्यांच्या होत्या. जेरुसलेमच्या दक्षिणेला बेत सफाफा इथे साध्या चरांत पुरलेल्या माणसांचे कब्रस्तान सापडले आहे. बहुसंख्य लोक तसेच पुरले जात, पेटीशिवाय, नावाशिवाय. यहोहानानच्या घरी गुहा होती, पेटी करून घेण्याची ऐपत होती, आणि अधिकाऱ्याकडे जाऊन शब्द टाकण्याइतकी कदाचित ओळखही होती. बंडात पकडलेल्या एखाद्या मजुराच्या आईला हे जमले असते का? मला वाटत नाही.

पेट्या आल्या का आणि गेल्या का

अस्थिपेट्यांची रीत जेरुसलेममध्ये इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस सुरू होते आणि इ.स. ७०मध्ये शहर पडेपर्यंत जोरात असते. पुढे उत्तरेकडे, गालिलात, ती तिसऱ्या शतकापर्यंत मागे रेंगाळते. जेमतेम शंभर वर्षांची ही फॅशन का आली? जुने उत्तर पुनरुत्थानाचे आहे : मांस झडल्याने पाप धुतले जाते आणि हाडे पुन्हा उठण्यासाठी एकत्र राहतात. पण १९९०च्या नोव्हेंबरमध्ये जेरुसलेमच्या शांतिवनात कयफा घराण्याची गुहा सापडली. तिथल्या सुंदर नक्षीच्या पेटीवर योसेफ बर कयफा हे नाव होते. हे महायाजकांचे घराणे, आणि महायाजक ज्या सदूकी पंथाचे असत तो पंथ पुनरुत्थान मानतच नव्हता. त्याच गुहेत एका बाईच्या कवटीत राजा अग्रिप्पा पहिला याचे इ.स. ४२-४३चे नाणे होते. मृताच्या तोंडात नाणे ठेवायची ही रीत ग्रीक. म्हणून पेट्यांमागे श्रद्धेबरोबर रोमन रक्षापात्रांचे अनुकरण आणि हेरोदाच्या बांधकामांमुळे शहरात जमलेले कुशल पाथरवट हीही कारणे असावीत, असे आता मानतात. मला हे मिश्र उत्तर जास्त खरे वाटते. शेवटी ‘मंदिर बांधणारा सिमोन’ही चुनखडीच्या पेटीतच होता.

पेट्या गेल्या, बाकीचे टिकले. त्याच दिवशी पुरणे, प्रेत धुणे, साधे पांढरे कफन, सात दिवसांचा शोक ही चौकट यहुदी समाज जिथे गेला तिथे गेली. आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगावला, समुद्रात जहाज फुटून बुडालेल्या पूर्वजांना जिथे पुरले असे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, मानतात, तिथे त्यांची जुनी दफनभूमी आहे. कोकणातल्या त्यांच्या कबरींवर हिब्रूबरोबर मराठीही वाचायला मिळते. तिथे हाडे वेचण्याची रीत नाही. माणूस एकदाच पुरायचा.

अस्थी आज

१९६८ साली हाडे परत पुरायचा जो आग्रह होता, त्याला पुढे सरकारी रूप आले. १९९४मध्ये इस्रायलच्या महाधिवक्त्यांनी असा निर्णय दिला की मानवी अस्थी पुरावस्तू ठरत नाहीत, त्या धर्मखात्याकडे दफनासाठी सोपवाव्यात. तेव्हापासून तिथल्या उत्खननांत सापडलेल्या माणसांचा अभ्यास फार घाईने किंवा अजिबात होत नाही.

मी या प्रश्नात परत पुरणाऱ्यांच्या बाजूने आहे. यहोहानानच्या घरच्यांनी एवढे सायास केले ते त्याची हाडे कपाटात पडून राहावीत म्हणून नव्हे. पण काही आठवड्यांची मुदत देऊन त्या माणसाचा मान राखला गेला का? त्या घाईमुळे पंधरा वर्षे त्याच्या नडग्या मोडल्याची आणि पाय कापल्याची कथा जगभर सांगितली गेली, आणि ती खोटी होती. त्याच्या काळातल्या लोकांनी त्याच्या हाडांना गुहेत वर्षभराची उसंत दिली होती. तेवढा काळ आजच्या अभ्यासकाला लेखी, करारबद्ध मुदत म्हणून द्यावा, हाडे त्या काळात मानाने आणि एकत्र ठेवावीत, मोजमापे व क्ष-किरणचित्रे सार्वजनिक करावीत आणि मग ती पुरावीत. असा नियम करायला धर्मशास्त्रात काही आडवे येत नाही, असे माझे मत आहे.